वजनकाटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो

डॉक्टर मुकादम, बसा.
पंख्याखाली नको, कागद उडतील.

तुम्ही विचारताय कुठली टेस्ट लावू,
मी विचारते, कोण कोण काय जेवलं?

शिवडीच्या या हॉस्पिटलात तीन वॉर्ड,
बारा-बारा माणसं, दोन महिने.
एका वॉर्डाला रोजचंच ताट,
दुसऱ्याला वर दोन उकडलेली अंडी,
तिसऱ्याला शेंगदाण्याची चिक्की.
वाढलेल्या वजनाची सरासरी, किलोत:
दोन पूर्णांक एक, तीन पूर्णांक चार, तीन.
तुम्ही दोन-दोन वॉर्ड समोरासमोर उभे करून
तीन टी-टेस्ट उरकल्यात.
एकीत पॉइंट झीरो फोर सापडला
म्हणून काल कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा.

चहा चांगला होता.
पण तीनदा कडी वाजवली की
रिकाम्या घरातूनही एखाद्या वेळी
"कोण?" ऐकू येतं.
आधी तिघांना एकत्र विचारा:
वॉर्डावॉर्डांमधलं अंतर
वॉर्डाच्या आतल्या गोंधळाहून मोठं आहे का?
अनोवा म्हणजे एवढंच.

थांबा, त्याच्याही आधी ठिपके काढू. पेन्सिलीने.
हा बघा, एकटाच, कागदाच्या पार टोकाला:
अकरा किलो.
कोण हा?
ऑगस्टीन घोन्साल्विस, अंड्यांच्या वॉर्डातला.
बहीण रोज संध्याकाळी माझगावहून
मटणाचा रस्सा घेऊन येते.
त्याला वगळलं तर अंड्यांची सरासरी
उतरते दोन पूर्णांक सातवर.

वगळू नका.
बहीण खोटी नाही, रस्सा खोटा नाही,
सरासरीच त्याच्या बाजूला कललीय,
जाडा माणूस काठाला बसला की होडी कलते तशी.
मग क्रम लावणारी टेस्ट घ्या, क्रुस्कल-वॉलिस.
तिच्या लेखी अकरा काय, एकवीस काय,
तो फक्त पहिला आला.

आणि वॉर्डबॉय सुर्वे म्हणतात,
दुसऱ्या वॉर्डातला काटा
वर कुणी नसतानाही तीनशे ग्रॅम दाखवतो.
असू दे.
येताना आणि जाताना त्याच काट्यावर उभे राहिले असतील
तर काट्याचा खोटेपणा वजाबाकीत मरतो.
(सगळे खोटेपणा असे मरत नाहीत.
पस्तीस वर्षं बघतेय.)

आलं उत्तर.
पॉइंट झीरो एट.
चेहरा पाडू नका.
"फरक नाही" असंही लिहू नका.
अंधारात चष्मा हाताला लागला नाही
म्हणजे चष्मा घरात नाही असं होत नाही,
आपली बॅटरीच बारा माणसांची होती.
अर्थ इतकाच:
तिन्ही ताटं अगदी सारखी असती
तरी एवढी तफावत, किंवा याहून मोठी,
नुसत्या योगायोगाने
शंभरात आठदा दिसली असती.
अंड्यांबद्दल याहून जास्त काही
तो आकडा बोलत नाही.
आपणच त्याच्या तोंडी शब्द घालतो,
पाचाच्या अलीकडे पेढे, पलीकडे सुतक.

आता एक विचारू?
बारा-बारा म्हणालात.
पहिल्या वॉर्डात आकडे अकराच आहेत.
नववी ओळ कोरी.

मुकादम खिडकीकडे बघतात.
बाहेर गोदामाशी ट्रक मागे मागे येतोय,
त्याचा भोंगा संपता संपत नाही.
एकोणतिसाव्या दिवशी, म्हणतात.
फाईल उघडत नाहीत.
वासुदेव खिलारे. कॉट नऊ.
शेजारच्या वॉर्डातली चिक्की मागायचा.
मी म्हटलं, तुमचा गट वेगळा आहे.

या चौकोनात शून्य लिहायचं नसतं.
शून्य म्हणजे वजन वाढलं नाही.
कोराही सोडायचा नसतो,
कोऱ्यावरून मशीन न अडखळता पुढे जातं.
खाली तळटीप द्या, मी म्हटलं,
एका ओळीत बसेल.

पेन्सिल त्यांच्याकडे सरकवली.
त्यांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
एका ओळीत बसलं नाही.