तीन कान

वाल्देक, उचल रे फोन.
पहाटेचे तीन वाजायला आलेत, माहीत आहे मला,
तुझी बायको शिव्या घालील, घालू दे.
बरं, नको उचलू. यंत्राशीच बोलतो.

आज गोदीत पाळी लवकर सुटली,
सात नंबरच्या क्रेनचा दोर अडकला म्हणून.
ग्दिनियाचं वारं तुला ठाऊक आहे, कोटाची बटणं मोजत येतं.
बोगुमिलाच्या दुकानात शिरलो, नुसती ऊब घ्यायला.
हातमोजे रेडिएटरवर वाळत टाकले,
आणि तिने, काही न विचारता, तबकडीवर सुई टेकवली.

चार पोरी. एल्ब्लाँगच्या.
बँडचं नाव: ओल्या काड्या.
मी हसलो.
मग पहिला ठोका पडला
आणि हसू दातांतच राहिलं.

कसं सांगू तुला?
आधी नुसती खरखर,
कुणीतरी खुर्ची ओढतं, कुणीतरी म्हणतं, थांबा जरा,
आणि कुणीच थांबत नाही.
गिटार म्हणजे पत्र्यावरून ओढत नेलेली साखळी.
आणि ड्रमवर बसलेली ती ओतिलिया,
ती ड्रम वाजवतच नाही, दार वाजवते,
भाडं थकलेल्याचं नव्हे,
घरमालकाचं.

तीनच कॉर्ड, वाल्देक. आपल्याच त्या तीन.
पण आपण त्या विटांसारख्या फेकायचो,
ह्या पोरी त्यांच्यावर उभ्या राहून
भिंतीपलीकडे बघतात.

दुसरं गाणं दीड मिनिटाचं.
त्यात एकच ओळ, सव्वीस वेळा, मोजली मी:
पावती मिळणार नाही.
सातव्या वेळी डोकं फिरतं,
तेराव्या वेळी हसू येतं,
विसाव्या वेळी मला तो गोदीतला कारकून आठवला,
बाबांची दोन बोटं गेली तेव्हा
अर्ज कोराच परत सरकवणारा.
सव्विसावी मीही ओरडलो.
दुकानातला एक म्हातारा कुत्र्याला घेऊन बाहेर गेला.

बोगुमिला म्हणाली, नव्वद झ्लॉटी.
खिसे उलटे केले: अठ्ठ्याऐंशी, आणि ट्रॉलीबसचं तिकीट.
तिने तिकीटही ठेवून घेतलं.
चालत आलो मग, तबकडी कोटाच्या आत,
तापलेलं मूल दवाखान्यात नेतात तशी.

आता ऐक, खरी गोष्ट पुढेच आहे.
माझा उजवा कान गेलेला,
तूच घेतलास तो, शहाऐंशी साली, चर्चच्या तळघरात,
तुझी झांज माझ्या डोक्यापासून हातभर.
तेव्हापासून जगाची एकच बाजू ऐकतो मी.
घरी हेडफोन लावून सगळं ऐकलं, घामाघूम झालो,
किटली ठेवली,
आणि उगाच, काही न ठरवता,
हेडफोन उलटा करून डोक्यावर चढवला.

अरे!
दुसरीच तबकडी निघाली!
तीच गाणी, पण इथे आणखी एक गिटार,
बारीक, जवळजवळ लाजरी,
पहिलीच्या शिव्यांना खालून खांदा देणारी.
आणि अगदी शेवटी, ओरडणं संपल्यावर,
माईकपासून लांब, एक पोरगी गुणगुणते,
चुकते, स्वतःशीच 'श्श' करते.
चूक तशीच ठेवलीय त्यांनी.
तू अर्धा ठोका मागे पडायचास
तेव्हा मी बाटली फेकायचो तुझ्यावर.
तशीच ठेवायला हवी होती.

तर मी, सत्तावन्न वर्षांचा माणूस,
मोजे घालून फरशीवर उड्या मारतोय,
आणि खालच्या यादविगाबाई झाडूच्या दांड्याने
छत ठोकतायत, अर्धा ठोका मागे,
थेट तुझ्यासारख्या.

त्चेवहून सकाळची पहिली गाडी पकड.
दोघांचे मिळून तीन कान होतात, पुरेत.
आणि येताना एक किटली आण.
माझी जळाली.