पायरी सतरा: बोगोमिरला विचारा

आमच्या भाषेत वेयित्सा म्हणजे डहाळी,
आणि वेयित्सा म्हणजेच स्वल्पविराम.
एडिटरला हे नाव बोगोमिरनं दिलं,
माझ्या स्वयंपाकघरात, मारिबोरला,
अक्रोडाची पोतित्सा खाता खाता.
प्रोग्रॅम त्याचा, मॅन्युअल माझं.
तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली;
न कळणारी गोष्टही स्वच्छ लिहिता येते
एवढं मला ठाऊक होतं.

रिलीजची कार्यपद्धती आम्ही एका हिवाळ्यात लिहिली,
द्रावा नदी काठाकाठानं गोठली होती.
पायरी एक: भाषांतरकारांना दोन आठवडे आधी कळवा.
त्यानंतर एकही वाक्य बदलू नका,
मोह झाला तरी.
पायरी चार: व्हर्जनचा आकडा तीन ठिकाणी असतो.
(चौथंही आहे. ते रिलीजनंतरच सापडतं.)
पायरी नऊ: स्क्रीनशॉटमधली तारीख बघा.
पायरी सोळा: चेकसम एकानं मोठ्यानं वाचायचा,
दुसऱ्यानं बोट ठेवून बघायचा.
सतरा: सही चालली नाही, तर बोगोमिरला विचारा.

सगळं द्विवचनात.
आमच्याकडे ते अजून जितं आहे,
एक आणि अनेक यांच्या मधे
दोघांपुरतं वेगळं क्रियापद.
आपण दोघं तपासू. आपण दोघं थांबू.
एडिटरलाही शिकवावं लागलं:
एक फाइल जतन झाली, दोन झाल्या, तीन झाल्या, पाच झाल्या,
चारही रूपं वेगळी.
जर्मन भाषांतरकार म्हणाला, एवढी कशाला?
बोगोमिर म्हणाला, थंडी फार असते.

तो मार्चमध्ये गेला.
लेंटच्या भिंतीवरच्या जुन्या द्राक्षवेलीची
त्या आठवड्यात छाटणी चालली होती.
त्याची की लॅपटॉपमध्ये,
लॅपटॉप भावाकडे, त्सेल्येला,
पासवर्ड कुणाकडेच नाही.
नवी की बनवून सगळीकडे पोचवायला
मला अकरा दिवस लागले.
ते अकरा दिवस नीट लिहून ठेवले,
सतरा-क पासून सतरा-ज पर्यंत.
मूळ ओळ मात्र खोडली नाही.
मॅन्युअलमध्ये खोटं ठेवायचं नसतं
हे मीच सगळ्यांना सांगत असते.

मग प्तुयहून एका मुलीची दुरुस्ती आली.
नेझा, वय एकोणीस.
"पानभर द्विवचन आहे. वाचणारे अनेक.
अनेकवचन हवं. एक्केचाळीस जागा."
बरोबर होतं तिचं.
बरोबर असलेल्या माणसाचा राग आला
की मुद्रितशोधक पेन्सिलींना टोक करत बसतो.
डबाभर पेन्सिली झाल्या.
चाळीस जागा मान्य केल्या.
उरलेली जागा रिलीजच्या वहीतली होती,
जिथे प्रत्येक आवृत्तीखाली एकच वाक्य:
तपासलं, आम्ही दोघांनी.
तिला लिहिलं, तो इतिहास आहे, राहू दे.

काल रात्री ४.२.
नेझा फोनवर चेकसम वाचत होती,
प्रत्येक चार अक्षरांनंतर श्वास घेत,
आणि माझं बोट पडद्यावर.
सतराव्या पायरीशी ती अडली.
"बोगोमिर कोण?"
मी सांगायला लागले.
बिल्ड संपलं, सही झाली, फायली सर्व्हरवर चढल्या,
मी अजून पोतित्सापाशीच होते.

नंतर वही उघडली.
द्विवचनच, पण दोघी बायका असल्या
की आमच्या क्रियापदाचा एक स्वर बदलतो,
'ला'चा 'ली' होतो, बाकी काही नाही.
इतक्या वर्षांच्या वहीत ही 'ली' पहिलीच.
चुकीची तर दिसत नाही ना,
म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचली.

सकाळी नेझाचा निरोप होता:
'वेयित्साविषयी'च्या खिडकीत
अजून ४.१ च दिसतंय.

चौथं ठिकाण.