बेचाळीस

झेंड्यांच्या काठ्या मी स्वतः मोजल्या, टेप लावून.
एकाही देशाचं टोक दुसऱ्याच्या वर नको.
खुर्च्यांची उंची एक. पाण्याच्या बाटल्या एकाच कंपनीच्या.
बिर्शतोनासच्या जुन्या आरोग्यधामात
मार्चमध्ये तेरा देश जमले होते,
बाहेर नेमुनस नदीवरचा बर्फ फुटत होता
आणि त्या आवाजाला दर वेळी
कुणाचा तरी अंगरक्षक दचकत होता.

माझं काम एवढंच : ऑस्टेया, शिष्टाचार विभाग,
कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही
हे ध्यानात ठेवणं.

दोन मोठ्यांचं नाश्त्यालाच ठरलं होतं,
उकडलेल्या अंड्याचं कवच फोडता फोडता.
उरलेल्या अकरांनी मम म्हणायचं होतं.
तरी चर्चा झाली. सहा तास.
"आवश्यक ते उपाय" की "आवश्यक ते सर्व उपाय",
एका "सर्व"पायी दुपारचं बिटाचं सूप निवलं,
वर साय धरली.
शेवटी "सर्व" राहिलं.
ज्या देशात जायचं, त्याचं नाव
जाहीरनाम्यात एकदाच आलं, तेही तळटीपेत.

मग ज्याने त्याने आपापलं सांगितलं,
लग्नात आहेर पुकारतात तसं :
कुणाची विमानं, कुणाचं जहाज,
कुणी नुसताच आपल्या आभाळातून रस्ता दिला.
आमच्या पंतप्रधानांनी चष्मा पुसला.
म्हणाले, एक फिरती बेकरी. बेचाळीस माणसं.
कुणी हसलं नाही.
असं न हसणं मी चांगलं ओळखते.

बेचाळिसांत एक माझा भाऊ.

रात्री दालन रिकामं झाल्यावर
मी टिपणवह्या गोळा केल्या, कापण्याच्या यंत्रासाठी.
एका मोठ्याच्या पानावर शिडाची होडी,
सुरेख, पाण्यातल्या सावलीसकट.
दुसऱ्याच्या पानावर नुसते चौकोन, काळे भरलेले.
आमच्या पानावर ४२
४२, ४२, समासातही ४२
आणि अगदी खाली, पेन रुतवून खोडलेला,
४१.
यंत्र जरा अडलं त्या पानाला. मग घेतलं त्याने.

वायदोतासने जाताना
आईच्या आंबवणाची बरणी लोकरी मोज्यात गुंडाळून नेली.
राईचं, करडं, नाकाला झोंबणारं.
आमच्या घराण्यासोबत ते एकदा
सायबेरियालाही जाऊन आलंय,
गुरांच्या डब्यातून, कुणाच्या तरी छातीशी.
तेव्हा कुठल्याच तळ्याकाठी, नदीकाठी
कुणी आमच्यासाठी सूप निवू दिलं नव्हतं.
म्हणून मला त्या तेरांची
सरळ चीडही येत नाही.
यावी, असं वाटतं. येते आणि
त्या डब्याच्या दारात अडते.

परवा त्याचा निरोप आला.
इथे पीठ तासाभरात फुगतं, लिहितो,
आपल्याकडे रात्र जायची.
वाळू दाताखाली येते, पण कवच छान धरतं.
तारेपलीकडे बायका येऊन उभ्या राहतात
वासाने. बोलत नाहीत. एक रोज तीच असते,
हिरवा रुमाल, हातात रिकामं ताट,
आपण काय आणलंय ते बघायला आल्यासारखी.
पाव फक्त आघाडीच्या जवानांसाठी, असं कॅप्टन म्हणतो.
मी विचारलं, लिहिलंय कुठे? म्हणाला, नाहीही लिहिलेलं.
ताई, तुम्ही तिथे ते "सर्व" ठेवलंत ना,
त्यात हे बसतं का?
तू होतीस. कुणाला तरी विचार.

मी कुणालाच विचारलं नाही.
एकच शब्द लिहिला : दे.

आमचे निरोप तीन देशांतून तपासून जातात,
चार दिवस लागतात.
पीठ तिथे तासाभरात फुगतं.