मुदत

सारंग आला, मे महिन्यातल्या भर दुपारी,
गळ्यातला दुपट्टा सोडायच्या आधीच म्हणाला,
"काका, युरेनियम. आता घेऊनच टाकायचं."
कूलरच्या घरघरीत मला 'आता' एवढंच ऐकू आलं.

त्यानं मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला.
परदेशातल्या कुठल्याशा खाणीचा आलेख,
दहा वर्षं आडवा झोपलेला,
मग सेमिनरी हिल्सच्या चढासारखा उठलेला.
"नव्या भट्ट्या येऊन राहिल्या, काका,
माल पुरणार नाही. तुम्ही फक्त लाँग टर्म धरा."

किती लाँग?
"सात-आठ वर्षं."

चौतीस वर्षं मी गळ्यात काउंटर अडकवून हिंडलो,
वैनगंगेच्या पलीकडे, तेंदूच्या जंगलात.
ज्याचं निम्मं व्हायला
साडेचारशे कोटी वर्षं लागतात,
त्याच्यासाठी माझा पुतण्या सात-आठ वर्षं थांबणार होता.

सांगितलं त्याला.
शंभर भोकं पाडावी, तेव्हा एखाद्यात काउंटर बोलतो,
आणि तोही कधी कधी थापा मारतो.
मग मोजणी. मग कागद. कागदांवर कागद.
खाली पाणी लागतं, पंप बसतात, पंप बुडतात.
साहेब बदलतो, नवा साहेब पहिल्या भोकापासून विचारतो.
तेवढ्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या भट्टीचं काही बिनसतं,
आणि इथे एक फावडंही न हलता भाव निम्म्यावर येतो.
या निम्म्याला मात्र वेळ लागत नाही.

जनसुनावणीचं सांगितलं नाही.
मंडप, लाल खुर्च्या, टेबलावर आमच्यासाठी सीलबंद बाटल्या.
सायत्राबाई उईके माईकपासून हातभर लांब उभी राहिली,
जसं ते चुलीवरचं भांडं आहे.
"तुमी म्हन्ता गावाले धोका नाही.
मंग आमच्या हिरीचं पानी काहून नाही पेत?"
मी बाटली खाली ठेवली. झाकण तसंच हातात राहिलं.
इतिवृत्तात लिहिलं : एक सूचना प्राप्त.
ते अक्षर माझंच.

"म्हणजे घेऊ नये म्हणता?"

प्रमिला गच्चीवरून चादरी घेऊन आली.
दारातच झटकल्या. काळसर भुकटी उडाली,
कोराडीकडून वारा असला की उडते तशी.
"लावा नाहीतर नका लावू," ती म्हणाली,
"पण तो कूलर काय तुमच्या तत्त्वांवर चालते?"
सारंग हसला. मीही हसलो, थोडा उशिरा.

खरं तर मला मोह होताच.
नोकरीत असताना जे शोधलं
त्यातला चिमूटभरही कधी माझा नव्हता,
हातपाय धुवायचा, कपडे बदलायचे, मग जेवायला बसायचं.
आता कोणी म्हणत होतं, याच्यात तुमचा वाटा.
ग्रॅच्युइटीच्या एफडीतून पंचवीस हजार.
बुडाले तर बुडाले, असं मी म्हणालो,
पण आवाज काही तसा निघाला नाही.

सारंग भराभर बोटं चालवत होता.
गुंतवणुकीचा कालावधी : एक वर्ष, तीन, पाच, पाचाहून अधिक.
शेवटच्या चौकोनात खूण केली.
वारसाचं नाव?
"काकूंचं टाकतो," तो म्हणाला.
थांब, मी म्हणालो, आणि मलाच कळेना का.

कोअरच्या पेटीवर एक पोरगी येऊन बसायची,
सायत्राबाईची नात, पाच-सहा वर्षांची.
जमिनीच्या पोटातून निघालेल्या त्या गोल, करड्या नळ्यांना
ती दगडाच्या काकड्या म्हणायची.
एकदा तिनं एक गालाला लावून पाहिली.
थंड आहे, म्हणाली.
मी ओरडलो तिच्यावर. मग गूळ-शेंगदाणे दिले.
नाव कधी विचारलं नाही.
आता तिशीची असेल. असावी.

"काका, नाव सांगा ना. आणि नातं पण विचारून राह्यला."

तेवढ्यात लाइट गेली.
कूलरचं पातं दोन-चार फेऱ्या घेत बसलं,
वाळ्याचा ओला वास खोलीत उभा राहिला,
आणि मोबाइलच्या उजेडात
तो रिकामा चौकोन,
त्यात एक उभी रेघ, लुकलुकणारी,
थांबलेली.