घसारा

बावीस रुपये दोन आणे. इथून मी सुरुवात केली,
भिंतीवरच्या घड्याळापासून,
कारण ते सोपं होतं: होतं, आणि आता नव्हतं.
बाकी यंत्रघर होतं तसंच होतं,
नासर्डीच्या काठावर पत्र्याचं छप्पर, तीन डिझेल इंजिनं,
आणि घड्याळाच्या जागी भिंतीवर एक गोल,
भोवतालच्या चुन्याहून पांढरा.

बेचाळीसच्या श्रावणात लष्कराने ताबा घेतला.
एक कागद, कागदात कलम, कलमाखाली कॅप्टन टर्नबुलची सही
आणि कंपनीच्या पाटीवर खाकी रंगाचा एक हात.
वीज देवळालीला गेली, छावणीला, इस्पितळाला.
भद्रकालीत कंदिलांच्या काचा पुन्हा पुसल्या जाऊ लागल्या.
शिव्या मात्र मला. बिलं मीच वाटत होतो ना.

चार वर्षांनी यंत्रघर परत आलं,
शेजारणीकडून पाटा परत यावा तसं:
पाटा तोच, टाक्याचे घाव गुळगुळीत.

मी दावा लिहिला. पंचाहत्तर पानं, तीन प्रती.
भाडं. बुडालेला नफा. दोन नंबरच्या इंजिनाचा तडा.
घसारा, पुस्तकी दराने,
घसारा, प्रत्यक्षात.
सोन्याबापू निमसे, फिटर, त्याच इंजिनाशेजारी
चार वर्षं उभा होता. उजवा कान गेला.
चेअरमनना विचारलं, हे कुठे धरू?
ते म्हणाले, कान कंपनीच्या मालकीचा नाही, वडनेरे.
बरोबरच होतं. मी पुढचं कलम घेतलं.

सरकारने उलट यादी दिली.
लष्कराने हौद बांधला, तारेचं कुंपण घातलं,
मागच्या अंगणात बॅडमिंटनचं मैदान केलं.
ही सुधारणा. वजा करा.

लवाद बसला सत्तेचाळीसच्या मार्गशीर्षात.
फाइलीवरचा मुकुट खोडून शेजारी नवा शिक्का,
शाई अजून बोटाला लागत होती.
सरकार आता आपलं होतं.
वकील तोच होता, आणि तो थेट
पान एकेचाळीसवर आला.

लढाईपायी देशभरची घड्याळं एक तास पुढे केली होती.
पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात ती मागे आली, त्या रात्री
लॉगबुकात दोन ते तीन दोनदा आलं.
इंजिन दोन्ही वेळा चाललं. तेल दोन्ही वेळा जळलं.
मी तो तास हाताने वाढवला होता.
वकील म्हणाला, एकाच तासाचे दोनदा पैसे?

सोन्याबापूला उभं केलं.
प्रश्न डाव्या बाजूने विचारा, मी सांगितलं.
"साहेब, त्या तासाला म्या दोनदा जागा व्हतो.
पहिल्यांदा दोन वाजले तवा चहा पेलो,
दुसऱ्यांदा वाजले तवा चहा संपलेला व्हता."
लवाद हसले. हे लिहून घेतलं नाही.

आता सांगतो, तेव्हा सांगितलं नाही.
बेचाळीसच्या भाद्रपदात घड्याळं पुढे झाली त्या रात्री
लॉगबुकात एकानंतर एकदम तीन वाजले.
मधला तास जगात कुठेच झाला नाही.
तो मी दाव्यात धरला होता.
वकिलाने ते पान उलटलं, दोन पानं चिकटलेली होती,
शिळ्या वंगणाने.
मी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

निकाल: घसारा मंजूर, पुस्तकी दराने.
मैदान वजा.
वादग्रस्त तासापैकी अर्धा तास मंजूर.
अर्धा. मी तिन्ही प्रतींवर ते वाचलं.

धनादेश आला त्या आठवड्यात
मेन रोडवरून नवं घड्याळ आणलं.
सोन्याबापू शिडीवर, मी खालून सांगतोय
डावीकडे, थोडं डावीकडे,
तो उजवीकडे नेतोय.
शेवटी लागलं. लहान निघालं.
भोवती पांढरी कड उरली, बोटभर.