शुद्धिपत्र

भूपाल मगदूम उद्यमनगरात मायक्रोमीटर धरायचे.
एक्केचाळीस वर्षं. ऑइल इंजिनाचे शाफ्ट, पिस्टन, व्हॉल्व्ह.
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक निघाला
तरी माल परत.
रात्री कादंबऱ्या लिहायचे,
त्याच हातानं.

मी मंगळवार पेठेतल्या छापखान्यात जुळारी.
त्यांचं हस्तलिखित आलं की आमचे आकडे पुरायचे नाहीत.
इंग्रजीत सहा उलटा केला की नऊ होतो,
मराठीत तसली सवलत नाही.
मग पंचांग छापणाऱ्या कुलकर्ण्यांकडून
ओंजळभर नऊ उसने आणायचे.
ते विचारायचे, कुठला ग्रह वक्री झाला?

गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला थांबले
तर ग्लास तोंडाला लावायच्या आधी मगदूम घड्याळ बघायचे:
फेस बसायला किती सेकंद.
दोन वर्षांनी कळलं कशाला.
चंद्रावरच्या गोठ्यात, पान एकशे तीस,
गवळी फेस बसायची वाट बघत बसतो
आणि तेवढ्यात त्याला घरची आठवण येते.

एकदा तालमीत गेले.
वस्ताद, माणूस खांद्यावरनं सुटला की मातीला लागेस्तोवर
किती वेळ जातो?
वस्ताद म्हणाले, मोजत बसलास तर तूच खाली, मर्दा.
हे नऊ सकाळी हौद्याच्या कडेला बसले, स्टॉपवॉच घेऊन.
अंगाला तांबडी माती, वहीला तांबडी माती.
अर्धा सेकंद आणि थोडं वर.

त्यातून झाली ती चाकातल्या गावाची गोष्ट.
आभाळात फिरणारं चाक, त्रिज्या दोनशे मीटर,
चाकाच्या आतल्या अंगाला वस्ती, वस्तीत आखाडा.
तिथं टाकलेला माणूस सरळ पडत नाही,
चाकाच्या चालीच्या उलट, बारा सेंटिमीटर हटून पडतो.
पृथ्वीवरून गेलेला जुना पैलवान
तेवढ्या बारा सेंटिमीटरनं
एका पोराकडून हरतो.

पुण्याच्या एका मासिकानं लिहिलं:
यंत्रं उत्तम, माणसाच्या काळजाचा पत्ता नाही.
मगदुमांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला.
म्हणाले, काळीज दिलंय की.
पान अठ्ठ्याऐंशी. मिनिटाला एकशे चाळीस ठोके.

आणि मी काय केलं,
दोनशेतलं एक शून्य खाल्लं.
तीनशे प्रती बांधून झाल्यावर
सायकल भिंतीला टेकवून ते आत आले.
ओरडले नाहीत. खाली बसले.
वीस मीटरच्या चाकात, म्हणाले,
पैलवानाचं डोकं हलकं आणि पाय जड.
तो कुस्ती नाही खेळणार हो. तो ओकेल.

मग चार रात्री खळ, कात्री, बोटाएवढ्या चिठ्ठ्या.
मी चिकटवायचो, ते पट्टीनं बघायचे
चिठ्ठी वाकडी तर नाही.
सुलोचनाबाईंनी डब्यातून भडंग पाठवलं होतं,
तेलकट बोटांनी पानाला हात लावू दिला नाही.

नाव म्हणाल तर एवढंच:
उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर
फौंड्रीतली माणसं त्यांच्या ओतकामावर भांडायची.
हवा नाही तिथं साचा निवणार कसा?
मगदूम बाजूला उभे राहून ऐकायचे.
कुणी ओळखायचं नाही. ओळखलं तरी म्हणायचं,
इन्स्पेक्टर आला, गप बसा.

गेले त्याला सहा वर्षं झाली.
परवा वाचनालयात ती कादंबरी मागितली.
ग्रंथपाल शिडीवर चढला, धूळ झटकली.
शिक्के सात. शेवटचा गेल्या मार्चचा.
पान एक्केचाळीस उघडलं.
आमची खळ सुटलेली, चिठ्ठी कुठं गळून गेलेली,
वीस मीटर, उघडंबोडकं, माझं पाप.

शेजारी समासात बारीक पेन्सिलीनं
कुणीतरी गणित मांडलेलं.
चार ओळी, एक खोडून पुन्हा केलेली,
खाली दोन रेघा.
आणि विसाच्या पुढं, हलक्या हातानं,
जागा नव्हती तरी बसवलेलं
एक शून्य.