अधिकातलं तेल

टाकीमागच्या मोरपंखीचं पान
सगळ्या पोरांच्या वहीत असतं, विद्या येते म्हणून.
आमच्या मॅडमनी ते शिजवायला घेतलं.
दर महिन्याच्या एक तारखेला शंभर ग्रॅम,
त्याच झाडाचं, उगवतीच्या अंगाचं, आठच्या आत.
मी तोडायचो. त्या तोलायच्या.

तीन तास पाणी उकळतं.
वाफ काचेच्या नळीतून वर जाते, गार होऊन उतरते,
आणि पाण्यावर तरंगतं
नखाच्या कोरीएवढं तेल.
त्या लिहायच्या : डिसेंबर, शून्य पूर्णांक सहा.
मी म्हणायचो, मार्गेसर.
मार्गेसरात वास दाट, बोटांना धरून राहणारा.
घरी कौतिका हात हुंगायची :
'आज कापूर शे.'
माघात लिंबाची साल.
फाल्गुनात, का कोण जाणे, नवं दप्तर.

वैशाखात अमळनेरला नळ नवव्या दिवशी.
नळीला गार पाणी द्यायचं कुठून?
स्टँडवरच्या रसवंतीतून बर्फ आणला गोणपाटात,
अर्धा रस्त्यातच गेला.
तेल आलं ते मुंगीनं पिऊन टाकावं एवढं,
पण बूच काढलं तर डोळ्यांना पाणी.
मॅडम म्हणाल्या, हलकं असतं ते उन्हानं उडतं, सुपडू,
जड तेवढं पानात राहतं.
मला आमचे आप्पा आठवले :
गमती सगळ्या विसरलेले,
बांधावरची भांडणं सालासकट पाठ.

मॅडमच्या तक्त्यात बारा घरं.
माझ्या भिंतीवर त्या साली तेरा महिने.
अधिकातल्या एका रविवारी
किल्ली माझ्याकडेच असते, म्हणून
मी एकट्यानं शेगडी लावली.
पान पावसानं धुतलेलं, चुरगळलं तरी गप्प.
तेल निघालं. किती, ते लिहिलं नाही,
लिहायला घर नव्हतं.
वास मला कळेना. कापूर नाही, लिंबू नाही.
कौतिकानं हात धरला, बराच वेळ धरला,
अनारशाचं पीठ तसंच परातीत.
म्हणाली, 'हाऊ ते तुम्हनाच वास शे.'

बारा कुप्या घेऊन मॅडम पुण्याला गेल्या.
जाताना मलाही एक पेन दिलं.
तेरावी कोनाड्यात आहे, चिठ्ठी नसलेली.
बूच घट्ट आहे,
तरी तेल थोडं खाली उतरलंय.